कावळा, फांदी आणि गिअरबॉक्सचं तेल

आज कार्यकारणभावाचा विचार एका यंत्राच्या इतिहासातून करू. यंत्र म्हणजे मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

मागे एकदा कडेगावहून विट्याकडे जाताना आमच्या पुतण्याच्या गाडीला खालून दगड लागला. गिअरबॉक्सचं तेल गळत असतानाही त्याने ती चार-पाच किलोमीटर दामटली. गॅरेजच्या पोराने गळती बंद करून नवं तेल भरलं. दुसऱ्या दिवशी इंजिन नुसतं ओरडे, गाडी हलेना. "तेलच खोटं," म्हणून पुतण्याने पोराचे पैसे अडवले. आणि जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेले आम्ही पुतण्याच्या बाजूने बोललो!

आता हे तेल करतं काय? १९०५ च्या सुमारास हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी युक्ती काढली: दातेरी चाकांऐवजी द्रवातून शक्ती पुढे पाठवायची. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक गिअरबॉक्स मोटारीत आणला. त्यात तेल नुसतं वंगण नाही. तेच शक्ती वाहतं, तेच दाबाने क्लचच्या चकत्या आवळतं, तेच उष्णता बाहेर नेतं.

आपल्याकडे शेजारी किरलोस्करवाडी, शिवारात पंप. तेव्हा हे समजायला जड नाही. फूटव्हॉल्व्ह गळला की पंप हवा धरतो, मोटार फिरते, पाणी चढत नाही. तसंच इथे. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, चकत्या घसरतात आणि घसरून जळतात.

मग नवं तेल कधीच दोषी नसतं का? असतं. पूर्वी या तेलात व्हेल माशाचं तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली. पर्यायी तेलांपैकी एकाने कूलरचे जोडच गंजवले. म्हणजे संशय घ्यावा, पण निकाल पुराव्यावर द्यावा.

पुरावा कसा शोधायचा? पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचंच तेल भरलंय का, ते आधी पाहा. मग पातळी; बऱ्याच गाड्यांत ती सपाट जागी, तेल गरम आणि इंजिन चालू ठेवून मोजतात. जुन्या तेलाला करपट वास आहे का, तळाच्या तबकात धातूचा कीस आहे का, तेही बघा. मात्र २०१४ पासून सेलेरिओसारख्या गाड्यांत आलेला एएमटी प्रकार वेगळा: आत साधाच गिअरबॉक्स, बदलणारा हात तेवढा यंत्राचा. तिथे तपासही वेगळा.

आमच्या पुतण्याची गाडी पुढे एका जाणत्या मिस्त्रीने उघडली. पातळी थोडी कमी होती, ती पोराची चूक. पण चकत्या आधीच काळ्या पडल्या होत्या. त्या जळल्या दगड लागल्यानंतरच्या चार-पाच किलोमीटरांत, तेल भरण्याच्या आधीच.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि कावळा गरीब होता म्हणून त्याच्यावर आळ घेणं सोपं गेलं. पैसे आम्ही स्वतः नेऊन दिले. पोराने ते मोजले नाहीत, खिशात घातले आणि पुन्हा कामाला लागला. आमच्याशी मात्र तो एक शब्द बोलला नाही. तो हिशेब अजून आमच्याकडे बाकी आहे.