मिसफायर (इंजिन)

मिसफायर म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन आणि हवेचे मिश्रण योग्य वेळी न पेटणे किंवा अपुरे जळणे. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये या दोषाला सामान्यतः ‘मिसिंग’ म्हणतात. सतत राहणारा मिसफायर शोधणे तुलनेने सोपे असते. अधूनमधून होणारा मिसफायर मात्र गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत अनेकदा नाहीसा होतो आणि मग अंदाजाने सुस्थितीतले भाग बदलले जातात. म्हणून दोष कोणत्या परिस्थितीत येतो याची नोंद आणि सदोष सिलिंडरची निश्चिती, ही या निदानातील पहिली पायरी मानली जाते. या लेखात प्रामुख्याने कार्ब्युरेटर आणि सीबी पॉइंट असलेल्या जुन्या पेट्रोल मोटारींचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील अशा मोटारींचे परिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. फियाटच्या परवान्याने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी ही गाडी १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने आली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे असून ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे व तीन सिलिंडरचे होते. चारपैकी एक सिलिंडर बंद पडला तर ताकदीचा चौथा हिस्सा जातो, तीनपैकी एक बंद पडला तर तिसरा. त्यामुळे लहान इंजिनात हा दोष अधिक तीव्रतेने जाणवतो.

कारणे

ज्वलनासाठी योग्य वेळी मिळणारी पुरेशी ठिणगी, योग्य प्रमाणातील मिश्रण आणि पुरेसा दाब (कॉम्प्रेशन) या तीन गोष्टी लागतात. चार सिलिंडरच्या चतुर्घाती इंजिनाला मिनिटाला ३००० फेऱ्यांवर दर सेकंदाला १०० ठिणग्या द्याव्या लागतात. त्यामुळे सैल जोड किंवा अर्धवट तुटलेली तार क्षणभर सुटली, तरी अनेक ठिणग्या हुकतात.

ठिणगीशी संबंधित कारणांमध्ये झिजलेले किंवा काजळी धरलेले प्लग, तडे गेलेल्या हाय टेन्शन वायर, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील ओल व कार्बनच्या रेषा, खड्डे पडलेले पॉइंट, निकामी कंडेन्सर आणि तापल्यावर दुबळी पडणारी कॉइल यांचा समावेश होतो. डिस्ट्रिब्युटरमधील हलत्या पत्र्याला जोडलेली बारीक तार बाहेरून अखंड दिसत असूनही आतून तुटलेली असू शकते. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशमध्ये सैल झाला, तर पॉइंटमधील अंतर फेरीगणिक बदलते.

इंधनाच्या बाजूने टाकीतील गंज किंवा पाणी, तुंबलेला फिल्टर, कार्ब्युरेटरच्या जेटमधील कचरा आणि इनटेक मॅनिफोल्डच्या जोडातून आत ओढली जाणारी जादा हवा ही कारणे आढळतात. दाब कमी होण्यामागे जळालेला व्हॉल्व्ह, झिजलेल्या रिंगा, फुटलेले हेड गॅस्केट किंवा अतिघट्ट टॅपेट असतात.

लक्षणांवरून अनुमान

- पावसात किंवा सकाळच्या दमट हवेत मिसिंग होऊन इंजिन तापल्यावर थांबणे: टोपी किंवा वायरमधील ओल.
- इंजिन तापल्यावर दोष येणे आणि थंड झाल्यावर जाणे: कॉइल, कंडेन्सर किंवा इंधनाची वाफ.
- चढावर अथवा जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर झटके: प्लग, वायर किंवा अपुरा इंधनपुरवठा.
- फक्त आयडलिंगला थरथर: हवेची गळती, आयडल जेट किंवा टॅपेट.
- खड्ड्यांतून जाताना झटके: सैल जोड किंवा तुटकी तार.

ही अनुमाने तपासणीची दिशा ठरवतात; ती अंतिम निष्कर्ष नसतात.

निदान

प्रथम सदोष सिलिंडर ओळखला जातो. इंजिन चालू असताना इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून ती सुरक्षितपणे अर्थ केली जाते. वायर काढल्यावर इंजिनाची गती उतरली, तर तो सिलिंडर काम करत असतो. फरक पडला नाही, तर दोष तेथे असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ही चाचणी टाळली जाते, कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो निकामी होऊ शकतो.

त्यानंतर त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या प्लगशी अदलाबदल करून पाहिला जातो. दोष प्लगबरोबर सरकला, तर कारण सापडते. तो तेथेच राहिला, तर वायर, टोपी आणि दाब यांची क्रमाने तपासणी होते. दाब कमी भरल्यास सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजणी करतात. दाब वाढला तर रिंगांचा, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा संशय येतो. लगतच्या दोन सिलिंडरांत दाब कमी असेल, तर बहुधा त्यांच्यामधील गॅस्केट फुटलेले असते.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीची तपासणी ती गरम असतानाच करावी लागते. त्या क्षणी ठिणगी जोरदार असेल आणि कार्ब्युरेटर कोरडा असेल, तर दोष इंधनाचा. ठिणगीच नसेल, तर कॉइल किंवा कंडेन्सरचा संशय बळावतो.

पीयूसी तपासणीतील आकडेही उपयोगी पडतात. भारत स्टेज २ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. हायड्रोकार्बन जास्त व मोनॉक्साइड कमी असल्यास ठिणगी हुकणे किंवा हवेची गळती संभवते. दोन्ही जास्त असल्यास मिश्रणात पेट्रोल अधिक असण्याची शक्यता असते.

वाशीम जिल्ह्यातील परिस्थिती

विदर्भातील वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील ऋतुमान या दोषाची दोन वेगळी रूपे दाखवते. मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपात किंवा नळीत वाफ धरून इंधनपुरवठा तुटू शकतो. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते. शेतरस्त्यांवरील धुळीने एअर फिल्टर लवकर तुंबतो. गावातील हळू प्रवासात न जाणवणारी दुबळी ठिणगी जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सततच्या वेगात उघड होऊ शकते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही विचार करावा लागतो. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम खराब करू शकते. त्यामुळे बराच काळ उभ्या असलेल्या गाडीची टाकी, नळ्या आणि फिल्टर आधी तपासणे योग्य ठरते.

दुरुस्ती

पॉइंट व प्लगचे अंतर फिलर गेजने गाडीच्या पुस्तिकेनुसार लावले जाते आणि पॉइंट बदलल्यावर टायमिंग पुन्हा जुळवले जाते. जेट तारेने न खुपसता हवेच्या दाबाने साफ करतात, कारण तारेने छिद्राचे माप बदलते. तडा गेलेली टोपी पुसून कायमचा उपाय होत नाही. ती बदलावी लागते. एका वेळी एकच बदल करून, दोष ज्या परिस्थितीत येत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहिल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण मानली जात नाही.

परिणाम आणि सुरक्षितता

दुर्लक्षित मिसफायरमुळे इंधनाचा खर्च व प्रदूषण वाढते, तसेच न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन काढते आणि रिंगा झिजतात. ओव्हरटेक करताना किंवा रेल्वे फाटक ओलांडताना ताकद अचानक गेल्यास अपघाताचा धोका असतो. ठिणगीची चाचणी सांडलेल्या पेट्रोलजवळ करू नये. हाय टेन्शन वायरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो.

हे सुद्धा पहा

- अंतर्ज्वलन इंजिन
- कार्ब्युरेटर
- स्पार्क प्लग
- प्रीमियर पद्मिनी
- वाशीम जिल्हा