शिकाऱ्याच्या हातातील वही

मोगलांचा इतिहास आपण शाळेत सनावळ्या पाठ करून शिकलो. पानिपत १५२६, खानवा १५२७. या लढाया जिंकणारा बाबर फुलेही मोजत असे, हे मात्र कोणी सांगितले नाही. काबूलच्या परिसरात ट्युलिपचे किती प्रकार फुलतात याची त्याने गणती करविली. ती बत्तीस-तेहतीस भरली. हिंदुस्थानात आल्यावर येथले पशू, पक्षी, फळे आणि फुले यांची वर्णने त्याने आपल्या चगताई तुर्कीत लिहून ठेवली. ‘बाबरनामा’ हे राजाचे आत्मवृत्त आहे, तशीच ती निसर्गाची नोंदवहीही आहे.

बाबराचा पणतू जहांगीर आणखी पुढे गेला. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून काही अपूर्व प्राणी आणले. त्यांत टर्की कोंबडा होता. बादशहाने त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रही काढवून घेतले. बाबराने प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रे काढविली नाहीत, हेही त्याने नमूद केले. लैला आणि मजनू नावाच्या सारस जोडीवर तर त्याने पाळतच ठेवली. रात्री मादी अंडी उबवते, नर उभा राहून राखण करतो, पहाटे तो तिला उठवून स्वतः बसतो. हे सारे त्याच्या ‘तुझुक’मध्ये आले आहे.

पण त्याच ग्रंथात दुसराही हिशेब आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या देखत शिकार झालेली जनावरे २८,५३२, त्यांपैकी स्वतःच्या हातची १७,१६७. पाहणारा डोळा आणि नेम धरणारा डोळा एकाच माणसाचा होता.

तीनशे वर्षांनी मुंबईच्या एका मुलात हेच दिसले. खेतवाडीत १८९६ मध्ये जन्मलेला सालिम अली नऊ-दहा वर्षांचा असताना घरट्यापाशी बसणारे चिमणे छऱ्याच्या बंदुकीने टिपत असे. सात दिवसांत आठ नर मारले, आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला, असे त्याने टिपून ठेवले. कृत्य क्रूर होते, नोंद मात्र प्रामाणिक होती. मोठेपणी, १९२७-२८ मध्ये, त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात निसर्गनिरीक्षक आणि शिकारी मोगल बादशहांवर लेखमाला लिहिली. जणू आपल्याच पूर्वजांची वही त्यांनी पुन्हा उघडली.

१९३० मध्ये ते बेकार होते आणि अलिबागजवळ किहीमला राहत होते. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. येथे त्यांनी बंदुकीपेक्षा धीर वापरला. महिनोन्‌महिने पाहिले, लिहिले. आपण ‘सुगरण’ म्हणून मादीचे कौतुक करतो, पण विणकर असतो नर. घरटे अर्धे झाले की मादी येऊन पारखते. पसंत पडले तर ताबा घेते, आणि नर दुसरे विणायला लागतो. हा अभ्यास १९३१ मध्ये छापून आला. त्यासाठी पदवी लागली नाही, नोकरीही लागली नाही.

आपल्या घरांतून वंशावळी आणि जमिनीचे कागद जिवापाड जपले जातात. पण मोहल्ल्यातल्या विहिरीचे पाणी कोणत्या साली आटले, कौलांतल्या चिमण्या कधी दिसेनाशा झाल्या, हे विचारले तर सगळे गप्प होतात. लिहिले नाही, म्हणून गेलेले कळलेही नाही. तारीख, जागा आणि डोळ्यांनी दिसले तेवढेच, एवढी शिस्त पुरे. मुलांच्या जुन्या वह्यांत कोरी पाने नेहमीच उरतात. तेथूनच सुरुवात करावी.