पी-५३ : तपकिरी डागाची साक्ष

मंडळी, वडखळ नाक्यावरून अलिबागकडे न वळता, गोव्याकडेही न जाता, उलट पनवेलच्या दिशेने निघालात की पुढे आपल्याच रायगड जिल्ह्यात खारघर लागतं. तिथे टाटा स्मारक केंद्राची कॅन्सर संशोधन संस्था आहे. आजची गोष्ट तिच्या मुळापासून सुरू करू.

१९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५२ साली त्यांच्याच पुढाकाराने संशोधन केंद्र उभं राहिलं. आज खारघरला आहे तो त्याचाच विस्तार. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कशी दिसते, हे तेव्हाही कळायचं. पण ‘दुखणं पुन्हा उलटेल का?’ हा घरच्यांचा प्रश्न उरायचाच.

१९७९ साली पी-५३ हे प्रथिन सापडलं. गंमत बघा, दहा वर्षं ते कॅन्सर वाढवणारं समजलं गेलं! १९८९ मध्ये उलगडा झाला : तपासलेले नमुनेच बिघडलेले होते. मूळ प्रथिन राखणदार आहे. डीएनए दुखावला की ते पेशीचं विभाजन थांबवतं; दुरुस्ती जमली नाही तर पेशीला मरायला लावतं. तंबाखूतली विषारी द्रव्यं या राखणदाराच्या जनुकालाच इजा करतात.

निरोगी पेशीत हे प्रथिन लगेच मोडलं जातं. बिघडलेलं मात्र साठत जातं, आणि तुकड्याच्या तपासणीत विशिष्ट रंग दिला की तपकिरी दिसतं. म्हणून नव्वदच्या दशकात आशा वाढली : डाग गडद, तर धोका जास्त. भारतातही अभ्यास झाले. पण निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. कारण काही बिघाडांत प्रथिन तयारच होत नाही. राखणदार गेलेला आणि काच कोरी! एकट्या पी-५३वर आजही तोंडाच्या कॅन्सरचे उपचार ठरत नाहीत.

याउलट, २०१५ साली टाटा मेमोरियलच्याच अभ्यासाने दाखवलं की सुरुवातीच्या टप्प्यात तोंडाबरोबरच मानेतल्या गाठीही काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. थांबून, गरज पडल्यावर काढल्या त्या गटात ६७.५ टक्के.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की आधी विचारा : गाठ किती खोल? मानेत पसरली का? आणि मशेरी लावणाऱ्या आजीच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर रिपोर्टच्याही आधी डॉक्टरांना दाखवा.