व्याजस्तुती आणि राजद्रोह : ‘काळ’ पत्राचा दाखला

1897 मधील टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा निव्वळ अभाव, असा अर्थ लावला. पुढील वर्षी त्या कलमाची व्याप्ती कायद्यानेच वाढविण्यात आली. आणि त्याच 1898 साली शिवराम महादेव परांजपे यांनी पुण्यात ‘काळ’ हे साप्ताहिक काढले. उघड टीकेची वाट अशी अरुंद झाली असता त्यांनी उपरोधाचा, विशेषतः व्याजस्तुतीचा, आश्रय केला. संस्कृत साहित्यशास्त्राला परिचित असलेल्या या अलंकारात वाच्यार्थ स्तुतीचा, तर व्यंग्यार्थ निंदेचा असतो.

ढाल म्हणून हा उपहास अखेर अपुरा ठरला. 1908 मध्ये परांजपे यांना 19 महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्याचे राजकीय मोल निराळेच आहे. उघड निंदा वाचकाला तयार मत देते. व्याजस्तुतीत ते मत वाचकाला स्वतः पुरे करावे लागते, आणि स्तुती खोटी आहे हे ओळखताक्षणीच तो लेखकाचा सहभागी होतो. अशा लेखनाविरुद्ध अभियोग चालविणाऱ्या सरकारलाही मग स्तुतीत दडलेली स्वतःची निंदा न्यायालयात उलगडून दाखवावी लागते.