विघ्नेश ते फिखनेत : थाई भाषेतील रोजचे शब्द

थायलंड सरकारच्या ललितकला खात्याच्या मुद्रेवर श्रीगणेश आहेत. राजा वजिरावुध यांनी 1911 साली स्थापन केलेल्या या खात्याचे नाव ‘क्रोम सिन्लपाकॉन’. यातील सिन्लपाकॉन म्हणजे शिल्प अधिक आकर. थाई लोक गणपतीला ‘फ्रा फिखनेत’ म्हणतात, आणि फिखनेत म्हणजे आपला विघ्नेश. आयुष्य सरकारी शिक्क्यांच्या सहवासात गेलेल्या आम्हा लोकांना ही गोष्ट वाचून कुतूहल वाटले, आणि त्या निमित्ताने थाई भाषेतील रोजचे शब्द पाहू लागलो.

प्रथम एक खुलासा. थाई ही संस्कृतातून निघालेली भाषा नव्हे. खाणे (किन), पाणी (नाम), घर (बान), आई (मे), बाप (फो) हे तिचे घरचे शब्द. संस्कृत शब्द आले ते ख्मेर राजवटीच्या प्रभावातून आणि दरबारच्या ब्राह्मणांकडून. पाली शब्द आले बौद्ध धर्माबरोबर. सुखोथाईचा राजा रामखामहेंग याचा 1292 सालचा मानला जाणारा शिलालेख थाई लिपीचा जुना नमुना समजतात. त्या लिपीचे मूळ ख्मेर लिपीतून मागे दक्षिण भारतातील पल्लव लिपीपर्यंत जाते.

आलेले शब्द थाई जिभेने आपल्या वळणावर नेले. ‘ग’चा ख, ‘द’चा थ, ‘ब’चा फ झाला. शब्दाच्या शेवटचा ‘र’ न झाला आणि ‘श’ त झाला. एवढे लक्षात ठेवले की पुष्कळ शब्द ओळखू येतात. गुरूचा ख्रू, भाषेची फासा, नगराचे नखॉन, आहाराचे आहान. गंमत अशी की लिहिताना मूळ अक्षरे बहुधा जपली जातात. सोमवारच्या नावात ‘चंद्र’ पूर्ण लिहितात. शेवटच्या अक्षरावर ते उच्चारू नये अशी खूण करतात आणि बोलताना ‘चन’ म्हणतात. अर्थ मात्र जपून घ्यावा. ‘प्रथेत’ म्हणजे प्रदेश नव्हे, देश. ‘नाथी’ म्हणजे मिनिट; मूळ शब्द आपली घटिका मोजणारी नाडिका.

महिन्यांची नावे आपल्याला सर्वांत सोपी. 1889 साली राजपुत्र देववोंग यांनी ती बारा राशींवरून ठरवली. एकतीस दिवसांच्या महिन्याला शेवटी ‘खोम’, तीस दिवसांच्या महिन्याला ‘योन’. मार्च मीनाखोम, एप्रिल मेसायोन, ऑगस्ट सिंगहाखोम, सप्टेंबर कन्यायोन. फेब्रुवारी तेवढा वेगळा, कुम्फाफन. म्हणजे आपला गणेशोत्सव बहुधा सिंगहाखोमात किंवा कन्यायोनात येतो!

नमस्काराचा शब्द तर अगदी अलीकडचा. पूर्वी लोक भेटले की ‘कुठे निघालात?’ किंवा ‘जेवलात का?’ असेच विचारत. आपल्याकडेही दुसरे काय विचारतात? 1930 च्या दशकात चुलालोंगकोर्न विद्यापीठातील अध्यापक फ्राया उपाकित सिन्लपासान यांनी ‘स्वस्ति’वरून ‘सवत्दी’ शब्द रूढ करण्यास सुरुवात केली, आणि 1943 साली सरकारने तो अधिकृत केला. पुरुषाने पुढे ‘ख्रप’ म्हणायचे, बाईने ‘खा’. हे आपल्या आदरार्थी ‘हो’, ‘जी’ यांच्या जवळचे. मात्र सुरांकडे लक्ष हवे. थाईमध्ये पाच सूर आहेत. ‘मा’ एका सुरात ‘येणे’, दुसऱ्यात ‘घोडा’, तिसऱ्यात ‘कुत्रा’.

आता मुद्द्याचे. टेलिफोनला त्यांनी ‘थोरसप’ शब्द केला : दूर अधिक शब्द. आपणही ‘दूरध्वनी’ केला. थोरसप तिथे बाजारात, घरात, रोजच्या बोलण्यात चालतो. आपला दूरध्वनी बहुतांशी पत्राच्या मथळ्यावरच राहिला. शब्द घडवण्यात आपण कमी पडलो असे नाही. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. आमच्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळात, 1931 साली, आठ भाषांचा ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. पण कोश शब्द देतो, त्याला जिवंत ठेवते ती बोलणाऱ्याची जीभ. हुकमाने आलेला ‘सवत्दी’ टिकला, कारण लोकांनी तो घरात घेतला.

आम्ही बडोद्याचे मराठी लोक दिवसभर कचेरीत गुजराती लिहितो, मराठी उरते ती घरात. म्हणून शेवटी एक थाई वाक्य देतो. ‘मी वेला मै, ख्रप?’ यात ‘मी’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘मै’ म्हणजे आपला प्रश्नाचा ‘का’. तोही शेवटी येतो. पूर्ण अर्थ, ‘वेळ आहे का?’ समुद्रापलीकडे परक्या भाषेच्या लोकांनी ‘वेला’ हा शब्द शतकानुशतके रोजच्या वापरात ठेवला आहे. आपल्या घरातली मुले मात्र ‘टाइम आहे का?’ असे विचारतात. मुलांना रागावून काही होणार नाही. उत्तर देताना आपण ‘हो, वेळ आहे’ म्हणावे, आणि मग खरोखरच त्यांच्याजवळ बसावे.