पडद्यासमोरची पंगत

निपाणीच्या एका स्नेह्यांनी नव्या घरात चित्रपट व मालिका पाहण्यासाठी स्वतंत्र दालन बांधले आणि तेथे दूरचित्रवाणीचा केवढा पडदा लावावा, असे आम्हांस विचारले. वकिलाकडे असा प्रश्न सहसा येत नाही. परंतु कोणत्याही हक्काचा विचार करताना आधी त्याची वहिवाट पाहावी, ही आमच्या व्यवसायाची सवय. म्हणून आम्ही प्रथम पडद्याची वहिवाट पाहिली.

आपल्या मुलखात चित्र पाहणे हे मुळात समुदायाचे कर्म होते. बेळगावहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या पुढे गेले, की कुडाळजवळ पिंगुळी लागते. तेथील ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे एकेक चित्र समोर धरून गाऊन सांगितलेली पुराणकथा. त्याच समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागील दिव्याच्या उजेडात नाचत. चित्र लहान असले, तरी कथेकऱ्याचा आवाज मंडपातील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचे. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सिद्ध केली. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या झोताने पडद्यावर उमटत व सोबत निवेदन चाले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, आणि १९२० साली निपाणीच्या शेजारच्या कोल्हापुरातून बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ आली. साधने बदलली, पंगत मोडली नाही.

दूरचित्रवाणी दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाली. यंत्र घरात शिरले, तरी पंगत काही काळ टिकली. २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दर रविवारी सकाळी दिसू लागले, तेव्हा आम्ही लहान होतो. बेळगावच्या आमच्या गल्लीत ज्या घरी यंत्र होते, तेथे उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडे आणि यंत्राला हार घातला जाई. घरात मराठी, कोकणी व कन्नड बोलणारे दाटीने बसत. कथा हिंदीतून चाले आणि ती कोणालाही समजावून सांगावी लागत नसे. पडदा अवघा ५१ सेंटिमीटरचा. तरी दाराच्या कोपऱ्यात बसलेल्या आजींनाही राम स्पष्ट दिसे. त्या जुन्या नळीच्या काचेवरच प्रकाश उमटत असल्याने कडेने पाहिले तरी रंग फिके पडत नसत.

स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. आजच्या बहुतेक यंत्रांत, पिंगुळीच्या बाहुल्यांप्रमाणे, दिवा मागे व चित्र पुढे असते. त्यांपैकी ‘व्ही.ए.’ जातीच्या पटलावर काळा रंग गडद उठतो, पण कडेने पाहणाऱ्यास चित्र फिके दिसते. ‘आय.पी.एस.’ जातीत कडेचे रंग टिकतात. मात्र अंधाऱ्या खोलीत काळा करडा भासतो. ‘ओलेड’मध्ये प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्याने दोन्ही गुण लाभतात, पण किंमत अधिक पडते. प्रोजेक्टर हा खरोलिकेचाच वंशज. तो चित्र सर्वांत मोठे देतो आणि मोबदल्यात अंधार मागतो. आकार अंतरावरून ठरवावा. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्यास साडेसात फुटांचे अंतर शोभते, आणि ६५ इंचीस सुमारे नऊ फुटांचे.

स्नेह्यांच्या मनात ७५ इंची पडदा आणि नऊ फुटांवर दोन आरामखुर्च्या होत्या. आम्ही एवढेच विचारले, की जत्रेला पाहुणे आले म्हणजे ते कोठे बसणार? ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “आई तर भिंतीशीच बसते. खुर्चीत तिचे गुडघे दुखतात.”

शेजाऱ्याच्या यंत्रासमोर बसण्याचा हक्क कोणत्याही अधिनियमात नव्हता. तो केवळ वहिवाटीने मिळाला होता, आणि घरोघरी यंत्रे आल्यावर कोणताही दावा न लागता बुडाला. स्वतंत्र दालनाने तो पुरताच बुडवावा, की थोडा परत आणावा, हे दालन बांधणाऱ्याच्या हाती आहे.

स्नेह्यांनी अखेर ६५ इंची, कडेनेही स्वच्छ दिसणारा पडदा घेतला, तो जमिनीवर बसणाऱ्यांच्या नजरेस येईल इतका खाली लावला, आणि वाचलेल्या पैशांतून भिंतीलगत अंथरायला लांब जाजम आणले.