पिवळ्या रंगामागची गोष्ट

नळाच्या पाण्यात आम्ही ओटीचे थेंब टाकतो (खणानारळाची ओटी नव्हे हं!) आणि पाणी पिवळं झालं की वहीत 'क्लोरीन आहे' असं लिहितो. ह्या रंगामागे एक जुना कोर्टकज्जा आहे.

अमेरिकेतल्या जर्सी सिटीने पाणी पुरवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं, कारण पाणी कायम शुद्ध नसायचं. १९०८ साली कंपनीचे डॉ. जॉन लील यांनी शहराला न विचारताच पाण्यात ब्लीचिंग पावडर सोडली. हे पाणी बायकोमुलांना पाजाल का, असं कोर्टात विचारलं, तेव्हा ते हो म्हणाले. १९१० मध्ये कोर्टाने पद्धत मान्य केली.

पण पावडर पुरली की नाही, हे कळणार कसं? १९१३ मध्ये ऑर्थोटोलिडिनची चाचणी आली. तीच आपली ओटी. किती पावडर टाकली ते ती सांगत नाही. जंतू आणि घाण मारून किती क्लोरीन उरलं, ते दाखवते. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. पावडर टाकूनही रंग आला नाही, तर पाणी सोडणाऱ्या भाऊंशी भांडण्याआधी पाइप फुटून गटार मिसळतंय का, ते बघा.

अहवालातला पीएच १९०९ सालचा, डेन्मार्कच्या सोरेन्सन यांचा, तोही बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला! पिण्याच्या पाण्यात तो ६.५ ते ८.५ असावा. जास्त चढला की क्लोरीन मंदावतं. पोहण्याच्या तलावातही हेच दोन आकडे आधी बघतात.

फ्लोराइड, नायट्रेट मात्र ओटीत दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी. आणि थेंब टाकलेलं पाणी लगेच ओतून द्या, मुलांच्या हाती लागू देऊ नका.